‘दारावरची हाक’ होल्डवर आहे

९ जानेवारी, गुरुवार

टेबलक्लॉथवर पुन्हा तेलाचे डाग. भेळ खाताना फासे टाकू नका हे मराठीत सांगून झालं, इंग्रजीत सांगून झालं, नुसत्या डोळ्यांनीही सांगून झालं. गणेशचा वीस पैलूंचा फासा शेवेत जाऊन पडला. "काकू, हात नका लावू, सोळा पडायलेत बगा!" मी हात लावला. पुसून परत दिला. परत टाकला तर तीन पडले. चांगलं झालं.

जगाचा रविवार, आमच्या पट्ट्याचा गुरुवार. कारखान्यांना सुट्टी म्हणजे माझ्या हॉलची वाट. खालच्या मजल्यावरची मुग्धा, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. तिच्याच कंपनीत लाइन लीडर असलेला गणेश, मूळचा औशाकडचा. त्या दोघांना रोज नेणारे-आणणारे कंपनी बसवाले दत्ताभाऊ, चाकणजवळच्या गावचे. आणि आमचा विनू, माझा धाकटा भाऊ. वयं एकतीसपासून एकोणसत्तरपर्यंत, आणि दुपारभर काय करतात, तर किल्ले, राक्षस, मंत्र. मुग्धा गोष्ट सांगते, बाकीचे आपापलं पात्र होऊन त्यात घुसतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो.

मी खेळत नाही. हॉल देते, चहा देते, भाषा सुधारते. एवढंच.

दत्ताभाऊंनी घरच्या कांद्याची अख्खी गोणी आणली. "मावशी, ह्यो इकायचा न्हाई, खायचा हाय." घरात माणसं दोन. गोणी बाल्कनीत.

१० जानेवारी, शुक्रवार

निगडीहून विनूच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. त्याच्या बंद फ्लॅटमधून खालच्या घराच्या छताला ओल येते आहे. कोणीतरी या, दार उघडा, प्लंबरला बाथरूम बघू द्या. सभ्य माणूस. तिसऱ्यांदा सांगतो आहे तरी सभ्य.

फोन विनूकडे दिला. ऐकलं. "हं." ठेवला.

त्याची बायको सुमन गेली तेव्हा महिनाभर माझ्याकडे राहायला म्हणून आला होता तो. दीड वर्ष झालं. त्या दारात तो परत गेलेला नाही. कपडेसुद्धा मीच जाऊन आणले. किल्ली माझ्या स्वयंपाकघरात, खिळ्याला.

११ जानेवारी, शनिवार

"कधी जाणार आहेस?"
"जाईन."
"मी जाते प्लंबरला घेऊन."
"नको. मी जाईन."

म्हणजे नाही.

ते घर म्हणजे सुमनचं राज्य. हा कारखान्याच्या टूलरूममधून यायचा, बूट तेलाने माखलेले. त्या बुटांना आत प्रवेश नव्हता. दाराबाहेर गोणपाटाचा तुकडा, त्यावर एका पायावर उभं राहून साहेबांनी नाड्या सोडायच्या, मग आत. रिटायर होईपर्यंत हेच. मी एकदा म्हटलं, अगं, निदान स्टूल तरी ठेव त्याला. तर म्हणाली, "वन्सं, लादी पुसायला तुम्ही येणार का?" माझ्याशी असं बोलायची छाती असलेली ती एकटीच. मी वर्क्स मॅनेजरची सेक्रेटरी होते, तोही माझ्याशी असं बोलला नाही कधी.

१३ जानेवारी, सोमवार

तिळाच्या वड्या केल्या. दगड झाल्या. विनूने एक तोंडात धरली ती तासभर. म्हटलं, आवडत नसेल तर टाक. "आहे की," म्हणाला. काय आहे? वाक्य पुरं करायला पैसे पडतात?

हॉल का देते, ते इथे लिहून ठेवते, कारण भिशीवाल्या सुलभाने परवा बागेत विचारलंच, "या वयात पोरांचे खेळ घरात घेतेस?" विनूचं दिवसभर ‘हं’, ‘नको’, ‘जाईन’. गेल्या वर्षी कुकरची रिंग परत द्यायला म्हणून मुग्धाकडे गेला, यांचा खेळ चालला होता, तिथेच बसला. अंधार पडल्यावर वर आला आणि मला म्हणाला, "ताई, त्यांच्या किल्ल्याचं कुलूप चुकीचं होतं. अशा कुलपाला आतून खटका लागतो. मी सांगितलं तेव्हा उघडलं." कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं होतं त्यात! मुग्धाच्या सासूबाईंना मालिकेच्या वेळी आवाज नको होता. मी म्हटलं, वर या.

आता तो त्यांच्यात रंगनाथ नावाचा लोहार आहे. धातूत मंत्र ओततो. रंगनाथ चांगला बोलतो. विनू नाही.

हे सुलभाला सांगितलं नाही. तिला म्हटलं, तुझ्या भिशीपेक्षा बरं.

१६ जानेवारी, गुरुवार

मुग्धा कागदांची चळत घेऊन आली. म्हणे वर्षभर तेच तेच मंत्र वापरून सगळे कंटाळलेत, म्हणून तिने नवी पुरवणी लिहिली आहे. नवे मंत्र, आणि प्रत्येक ‘क्लास’ला नवी शाखा. क्लास म्हणजे पात्राचा पेशा. मग पेशा म्हणा. इतका चांगला शब्द आहे.

पहिलंच पान वाचलं आणि लाल पेन आणायला उठले.

गणेशची वेगळीच तक्रार. "म्याडम, ट्रायल न घेता नवा पार्ट लाइनला सोडायचा का? पहिला पीस कुठंय?" कंपनीत म्हणे सकाळी मशीन लावलं की पहिला पीस आधी क्वालिटीकडे जातो. तिथून ओके आला तरच पुढचा माल. नाही आला तर लाल खूण. शंका असेल तर पिवळी, म्हणजे होल्ड. पीस बाजूला ठेवायचा. पुढे न्यायचा नाही, टाकायचाही नाही.

दत्ताभाऊ म्हणाले, "व्हय, हे बरोबर हाय. मंत्र बी एकदा चालवून बघायचा, मंग घ्यायचा."

"पण क्वालिटी कोण?" मुग्धा. "मीच लिहिलंय, मला तपासता येणार नाही. तुम्ही खेळणार, तुम्हालाही नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कपबश्या उचलत होते.

"काकू खेळत नाहीत," गणेश म्हणाला, "आन् काकूंच्या हातून कायबी ओके होत नाही. बेष्ट."

हा अपमान होता की बढती, रात्री ठरवीन. कागद ठेवून घेतले.

१८ जानेवारी, शनिवार

पुरवणी वाचली. मुलगी इंजिनियर आहे आणि ‘किंवा’चा अर्थ तिला माहीत नाही.

‘राखेची चिमूट’: चुलीतली राख मागे फेकली की पाठलाग करणारा शक्यतो थांबतो. शक्यतो! मंत्र आहे की नळाला पाणी येण्याची वेळ? खोडलं. आमच्या सिस्टर ऍग्नेस म्हणायच्या, ज्या वाक्याचे दोन अर्थ होतात त्याचा एकही होत नाही. चौथीत पट्टी खाऊन शिकले ते अजून उपयोगी पडतं आहे.

‘धुक्याची शाल’: पांघरणारा अदृश्य होईल किंवा दिसणार नाही. समासात लिहिलं: फरक सांगावा.

‘उसनी सावली’: दुसऱ्याची सावली पांघरून पहाऱ्यातून निघून जाता येतं. कल्पना सुरेख. पण परत केव्हा करायची? उसनं परत करायचं असतं. लिहिलं, सूर्य मावळायच्या आत, नाहीतर आपली सावलीही त्याच्याकडे राहते.

योद्ध्याला नवी शाखा, ‘वेशीचा राखणदार’. पाय रोवले की त्याला कोणी ढकलू शकत नाही, पण तोवर त्यालाही जागचं हलता येत नाही. हे आवडलं. मिळतं त्याची किंमत आहे. चोराला ‘वाटाड्या’: दिवसातून एकदा कुठलीही वाट अर्धी होते. याची किंमत लिहायची राहिली आहे.

लोहाराला ‘घंटाकार’. त्याने ओतलेल्या घंटेचा आवाज तो ठरवेल त्यालाच ऐकू जातो, कितीही लांब असो. त्याखाली शेवटचा मंत्र. तसाच उतरवून घेते:

‘दारावरची हाक. घंटाकाराने उंबऱ्याबाहेर उभं राहून घंटा वाजवली आणि नाव घेतलं की गेलेलं माणूस दारात येतं. उंबरा ओलांडत नाही. विचारलेल्याचं उत्तर देतं. जिवंतपणी बोलायचं तसंच बोलतं.’

एकही चूक सापडली नाही. तीनदा वाचलं. त्याचाच राग आला.

१९ जानेवारी, रविवार

खाली गेले. मुग्धा कुंड्यांना पाणी घालत होती.

"हा शेवटचा मंत्र का लिहिलास?"

"विनूकाकांनी विचारलं होतं, काकू. लिफ्टमध्ये."

"काय विचारलं?"

तिने झारी खाली ठेवली. "म्हणाले, तुमच्यात गेलेल्या माणसाशी बोलायचा मंत्र असतो का गं?"

"आणि तू लगेच लिहून मोकळी!"

"त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं, काकू."

वर आले. कागदाला टाचणीने मिठाईच्या पिवळ्या खोक्याचा तुकडा लावला. होल्ड.

मला भुताखेतांचं काही नाही. मी असल्या गोष्टींना सातवीत हसणं सोडलं, भीती त्याआधीच. पण जो माणूस रंगनाथ होऊनच बोलतो त्याला सुमनही तिथेच मिळाली, तर तो इकडे कशाला येईल? निगडीला तर नाहीच.

२३ जानेवारी, गुरुवार

ट्रायलचा दिवस. गणेशचा राखणदार वेशीत पाय रोवून उभा राहिला, राक्षस ढकलून ढकलून दमला, आणि मग मागून आग लागली. गणेशला हलता येईना. "म्याडम, पळू द्या की!" "नाही, तू पाय रोवलेत." "आरं मला तर भ्याव वाटायलंय!" दत्ताभाऊंनी त्याच्यावर पाण्याची घागर ओतली आणि बिल मागितलं. शाखा ओके. सही केली.

वाटाड्यालाही सही. किंमत दत्ताभाऊंनीच सुचवली: एक वाट अर्धी केली की दुसरी कुठलीतरी दुप्पट होते, आणि कुठली ते आधी कळत नाही. "आमच्या चाकणच्या चौकात असंच तर हाय मावशी. एकाचं लवकर झालं की दुसरा लटाकला."

मग ‘दारावरची हाक’. मी सांगितलं, होल्ड. मुग्धाने कारण विचारलं. कारण तयार होतं: स्वस्त आहे. राखणदाराला किंमत, वाटाड्याला किंमत, आणि मेलेल्याला बोलवायला काहीच नाही? मग माणूस उठता-बसता हाक मारेल. भाजीत मीठ किती, विचार. गॅस बंद केला का, विचार. जिवंत माणसांशी कोण बोलणार मग?

हे मी मुग्धाकडे बघून बोलले. विनू फासा बोटांनी फिरवत होता.

"मग तुम्हीच लिहा किंमत," मुग्धा म्हणाली.

लिहिली. एका गेलेल्या माणसाला एकदाच हाक. प्रश्न एकच.

विनूने कागद ओढून वाचला. "बरोबर आहे," म्हणाला.

गणेशने डोकं खाजवलं. "पण मग पहिला पीस कसा काढायचा? ट्रायल घेतली की हाक संपलीच की. काकांनी मग काय वापरायचं?"

आणि तेव्हा विनू बोलला. रंगनाथ नाही, विनू. "वेल्ड तपासायचा तर जोड कापून बघावा लागतो. कापलेला पीस भंगारात जातो, तो गाडीला लागत नाही. म्हणून दुसरा पीस कापायचा. त्याच लॉटचा, पण दुसरा."

चहा ओतता ओतता थांबले मी. सांडला थोडा. टेबलक्लॉथ जाऊ दे.

"म्हणजे आधी दुसऱ्या कोनालातरी बलवायचं," दत्ताभाऊ म्हणाले. "बगतो. माझ्याकडं हाय एक."

२५ जानेवारी, शनिवार

कांद्याची भजी, कांद्याचं पिठलं, कांद्याची चटणी. गोणी अजून अर्धीसुद्धा झालेली नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

निगडीचा फोन. या वेळी सेक्रेटरी नाही, खालच्या मजल्यावरच्या बाई. लेकाच्या खोलीत भिंत काळी पडली म्हणाल्या, पोराला दमा आहे. भांडल्या असत्या तर मीही भांडले असते. भांडल्या नाहीत. "विनायकरावांना बरं वाटलं की या," म्हणाल्या.

विनूला जसंच्या तसं सांगितलं. तो उठून बाल्कनीत गेला. मी मागून गेले. म्हटलं, "लाज वाटते मला. तुझी नाही, माझी. एवढी साधी गोष्ट मला तुझ्याकडून करून घेता येत नाही."

"ताई, दार उघडलं की..." म्हणाला.

कांद्याच्या गोणीकडे बघत उभा होता.

३० जानेवारी, गुरुवार

पहिला पीस.

आम्हाला वाटलं दत्ताभाऊ आजोबांना बोलावतील. त्यांनी बैलाला बोलावलं. सर्जा. अर्धी जमीन कंपनीत गेली, बस घेतली, तेव्हा विकला. मुग्धाने नियम बघितला: ‘गेलेलं माणूस’ लिहिलं आहे. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चालेल. क्वालिटीला तेवढा अधिकार असतो.

विनूच्या रंगनाथाने चमच्याने पेला वाजवला, दत्ताभाऊंनी नाव घेतलं. एकच प्रश्न. गणेश कुजबुजला, "भाऊ, बैल बोलनार कसा?" "त्यो कवाच बोलला न्हाई. मला कळतं." आणि मग समोरच्या भिंतीकडे बघून, "सर्जा, राग हाय का रं माझ्याव?"

मुग्धाने नाकातून मोठा श्वास सोडला, फुर्रर करून, आणि मान एकदा हलवली. आडवी.

गणेशला हसू फुटलं. दत्ताभाऊही हसले, आणि हसता हसता उठून बाल्कनीत गेले. बराच वेळ कांदे बघत होते. आत आले तेव्हा डोळे लाल. "तुमच्या कांद्याला मोड यायला लागल्यात," म्हणाले.

"काकू, पीस ओके," गणेशने कागद पुढे केला.

"होल्ड."

"का पण? चालला की!"

"म्हणूनच."

तेवढ्यात मुग्धाने खरी अडचण काढली. "बैल मी केला. पण विनूकाकांची... मी सुमनकाकूंना कधी पाहिलंच नाही. ‘जिवंतपणी बोलायचं तसंच’ लिहिलंय. मी कशी बोलू?"

विनू मान वर न करता म्हणाला, "ताई बोलेल."

मी खेळत नाही, हे मी या घरात किती वेळा सांगितलं आहे! स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी विनूला म्हटलं, "मी नाटकात काम करत नाही. शाळेत मला मेंढपाळ केलं होतं नाताळात, तेव्हाही मी मेंढीला रागावले म्हणून काढून टाकलं." तो हसला. आवाज करून नाही.

"आणि मला जमलं नाही तर? तिचं म्हणून मी काहीतरी भलतंच बोलले तर? एकदाच आहे, विनू. परत नाही."

"किंमत तूच लिहिलीस."

बरोबर. मीच.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी झोप नाही. सुमन काय बोलेल याचा विचार. ‘मी सुखात आहे, काळजी करू नका.’ असलं ती मरून गेली तरी बोलणार नाही. ‘तुमची आठवण येते.’ छे. ‘स्वतःला जपा.’ हे लोक निरोपाच्या मेसेजमध्ये फुलांवर लिहितात.

प्रेमाचं एक वाक्य आठवेना तिचं. आणि विनू तिच्या हाताखाली खूश होता, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कसा होता?

तो काय विचारेल, ते माहीत नाही. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पेपर आधी बघणं म्हणजे कॉपी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

थोडक्यात लिहिते.

मुग्धाने गोष्ट हळूहळू तिथे आणली. राक्षस वगैरे काही नाही आज. रंगनाथ डोंगर चढून त्याच्या जुन्या गावी आला. गणेशचा राखणदार आणि दत्ताभाऊंचा चोर वेशीवरच थांबले. कोणी सांगितलं नव्हतं थांबायला. मुग्धा म्हणाली, "घर बंद आहे. दार तुमचंच आहे. कडी बाहेरून."

विनूने चमचा घेतला. पेल्यावर एकदाच वाजवला. नाव रंगनाथाच्या बायकोचं घ्यायचं होतं. कागदावर सुमती असं काहीतरी लिहिलं आहे. तो म्हणाला, "सुमन."

सगळे माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाची गाळणी. जागाही तीच सापडली मला उभं राहायला.

विनूने प्रश्न विचारला. मी इतके दिवस किती प्रश्न धरून बसले होते! का गेलीस, कशी आहेस, माझं काही चुकलं का. त्यातलं काही नाही. त्याने विचारलं:

"आत येऊ का?"

माझी सगळी तयारी गेली. काही ठरवायच्या आत तोंडातून बाहेर पडलं, तेसुद्धा खेकसून:

"बूट बाहेर."

आवाज माझाच होता. गाळणीतून चहा टपकत होता लादीवर. कोणी असं म्हणू नये की तिचा आवाज आला. नाही आला.

पण विनूने खाली बघितलं. टेबलाखाली पायात सपाता होत्या, घरातल्या, माझ्याच दिलेल्या. त्याने एक काढली. मग दुसरी. दोन्ही वाकून जवळजवळ लावून ठेवल्या, टाचा सारख्या करून. आणि मान खाली तशीच ठेवून हसला. खांदे हलत होते. हसतच होता, असं मला वाटतं. मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

गणेशने तोंडाशी नेलेला चिवडा परत वाटीत ठेवला. दत्ताभाऊ म्हणाले, "ह्ये खरं." एवढंच.

मुग्धाने विचारलं, "काका, दार उघडता?"

"आज नको," विनू म्हणाला. "बघू."

जाताना मुग्धाने कागद ठेवला, सहीची जागा मोकळी. म्हटलं, राहू दे. हाक वापरली गेली, चालते की नाही ते सगळ्यांनी बघितलं, पण तपासलेल्या पिसाचं काय करायचं ते अजून कळत नाही मला. खोक्याचा पिवळा तुकडा तसाच टाचलेला आहे.

लादी मी पुसली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

विशेष काही नाही. विनू ‘हं’, ‘हो’. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. किल्ली खिळ्याला.

संध्याकाळी सपाता हॉलच्या दाराबाहेर काढलेल्या दिसल्या. अनवाणी फिरत होता घरभर. लादी गार असते या दिवसांत. म्हटलं, सर्दी होईल. ऐकतो कोण.

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवताना विनू म्हणाला, "ताई, घरात गोणपाट आहे का गं एखादं?"

भाकरी हातातच राहिली माझी. "कशाला?"

"लागेल."

अजून एक शब्द जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं याचं? पण मी विचारलं नाही. बाल्कनीतल्या गोणीतले उरलेले कांदे टोपलीत ओतले, गोणी झटकली, कात्रीने दाराच्या मापाचा तुकडा कापला. कडा उसवतील म्हणून दाभणाने टाके घालून दिले. वाकडे आले. सुमनने काढायला लावले असते.

तुकडा घडी घालून त्याने दाराशी ठेवला आहे. दुपारभर तिथेच आहे. किल्लीही अजून खिळ्यालाच आहे. मी दोन्हीकडे बघत नाही.

कांद्याची सालं मात्र घरभर झाली आहेत.